उचललेल्या पिकअपची थरथर, कुरकुर आणि तेलगळती

‘गाडी उचलली की थोडं थरथरायचंच’ हे वाक्य मला ज्याने त्याने ऐकवलं. मला ते कधीच पटलं नाही. उंची वाढवली की काही कोन बदलतात, काही नळ्या ताणल्या जातात, काही रबरं पिळली जातात. कोन मोजता येतो, नळी वाकून बघता येते, रबराचा बोल्ट सैल करून पुन्हा आवळता येतो. मग ‘असंच असतं’ म्हणून सोडून का द्यायचं?

पिकअप माझ्याकडे आली तीच तीन इंच उचललेली. मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध दांडा), त्यावर पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. पाट्यांत एक जादा पाटा घातलेला आणि शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारे दुवे) लांब केलेले. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळाने स्प्रिंगचं काम करणारे दांडे, पिळून उंची मिळवलेली. टायर ३१ इंची. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये त्याला चेसिसवर धरणारं सेंटर बेअरिंग. फोर व्हील ड्राइव्ह हवी तेव्हा जोडायची, एरवी मागची चाकंच गाडी ओढतात. इंजिन, गिअरबॉक्स ठणठणीत. तक्रारी तीन: थरथर, कुरकुर आणि मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगखाली (कवचाखाली) तेल.

सुटे भाग आणण्याआधी मी वही केली. थरथर कुठल्या वेगाला, ॲक्सिलरेटर दाबलेला की सोडलेला, कुठल्या गिअरला, स्टिअरिंगमध्ये जाणवते की सीटखाली. लिहून काढल्यावर पहिल्यांदा कळलं की थरथर एक नाही, दोन आहेत. एक गाडी सुटताना, साधारण २० ते ४० च्या वेगात, ॲक्सिलरेटर दाबलेला असतानाच. पाय उचलला की गायब. ती सीटखाली आणि फरशीत जाणवायची. दुसरी ८० च्या आसपास, स्टिअरिंगमध्ये, आणि तिला ॲक्सिलरेटरशी काही देणंघेणं नव्हतं. न्यूट्रल करून गाडी मोकळी सोडली तरी ती तशीच राहायची, म्हणजे इंजिन आणि क्लच संशयातून बाहेर. त्याच वेगाला एक गिअर खाली घेतला, तरी फरक नाही. जी थरथर गाडीच्या वेगाला बांधलेली असते ती चाकं, शाफ्ट, हब यांची. जी इंजिनच्या फेऱ्यांना बांधलेली असते ती इंजिनची. एवढा एक प्रश्न सुटला की अर्धी गाडी तपासायची गरज राहत नाही.

यापुढे थोडं गणित केलं, आणि मला ते या सगळ्या कामातलं सर्वांत आवडतं. ३१ इंची टायर भाराखाली थोडा दबतो, तेव्हा एका फेरीत गाडी साधारण २.४ मीटर पुढे जाते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटरहून किंचित जास्त. म्हणजे चाकाच्या सेकंदाला नऊच्या आसपास फेऱ्या. ताशी ३० ला त्याच फेऱ्या साडेतीन. मागच्या डिफरन्शियलचं (शाफ्टची फेरी चाकांकडे वळवणाऱ्या गिअरांचं) गुणोत्तर ४.१, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.१ फेऱ्या, ३० च्या वेगाला शाफ्ट सेकंदाला चौदा वेळा फिरतो. बॅलन्स बिघडलेली वस्तू एका फेरीला एकदा हलवते. युनिव्हर्सल जॉइंटचा (शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या, मध्ये क्रॉस असलेल्या सांध्याचा) कोन चुकला तर मात्र एका फेरीला दोनदा धक्का बसतो, कारण कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेतो आणि दोनदा सोडतो.

फोनमध्ये थरथरीची वारंवारता दाखवणारं ॲप टाकलं, फोन सीटच्या पायाजवळ पट्टीने घट्ट बांधला आणि बरोबर बसलेल्या मित्राला आकडे वाचायला सांगितले. ८० ला शिखर नऊच्या जवळ. म्हणजे चाक. ३० ला, दाबून चालवताना, शिखर अठ्ठावीसच्या जवळ. चौदाचं दुप्पट. शाफ्टचा बॅलन्स बिघडला असता तर ते चौदावर दिसायला हवं होतं. फोन स्वस्तातलं साधन आहे, प्रयोगशाळेतलं नाही, पण ९, १४ आणि २८ हे आकडे एकमेकांपासून इतके लांब आहेत की गोंधळाला जागाच राहत नाही.

चाकाचं काम लवकर मिटलं. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेल्या चिखलाचे थर होते, ते खरवडून काढले. पुढचं एकेक चाक उचलून, टायरच्या नक्षीजवळ स्टँडवर एक तार टेकवून चाक हाताने फिरवलं. एका टायरचं आणि तारेचं अंतर एका फेरीत तीन मिलिमीटर कमी-जास्त होत होतं. दीड-दोन मिलिमीटरच्या वर गेलं की बॅलन्सची वजनं लावून काही होत नाही. टायर संतुलित असतो पण गोल नसतो. तो टायर रिमवर अर्धी फेरी फिरवून पुन्हा बसवला, तेव्हा टायरचा उंचवटा रिमच्या खोलगट बाजूवर आला आणि फरक मिलिमीटरच्या आत आला. मग बॅलन्सिंग. बाहेरून आणलेल्या या रिम्सचं मधलं भोक हबपेक्षा मोठं होतं, त्यामुळे चाक मध्यावर आणण्याचं काम फक्त नट करतात. म्हणून चाक हवेत असतानाच नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळले आणि शेवटचा टॉर्क (ठरलेल्या जोराने आवळणं) चाक जमिनीवर टेकल्यावर दिला. स्टिअरिंग शांत झालं.

आता शाफ्ट. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट आधी पूर्ण काढून ठेवला आणि गाडी चालवून बघितली. ज्या गाडीत फोर व्हील ड्राइव्ह हवी तेव्हाच जोडतात तिथे हे चालतं. कायम चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत करू नये. सुटतानाची थरथर जशीच्या तशी. म्हणजे मागचीच.

कोन मोजताना गाडीचं वजन चाकांवर हवं, हे फार महत्त्वाचं आहे. चेसिसखाली स्टँड लावून ॲक्सल लोंबकळत ठेवला तर आकडे खोटे येतात. मी गाडी चढवायच्या रॅम्पवर घेतली, चाकांना अडसर लावले आणि चुंबकाचा डिजिटल कोनमापक घेऊन खाली गेलो. गिअरबॉक्सच्या मागचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती), शाफ्टचा पुढचा तुकडा, मागचा तुकडा आणि पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शाफ्टने फिरणाऱ्या गिअरचा) फ्लँज, अशा चार जागा. फ्लँज उभा असतो म्हणून त्याच्या तोंडावर मोजलेल्या कोनातून ९० वजा करायचे. चारही जागांवरचा रंग आणि माती तारेच्या ब्रशने साफ केली, कारण मातीच्या एका खड्यानेही अर्ध्या अंशाचा फरक पडतो.

मागच्या दिशेने खाली जाणारा उतार असा निघाला: गिअरबॉक्स ३.०, पुढचा तुकडा ३.५, मागचा तुकडा ८.५, पिनियन ६.० अंश. जॉइंटचा कोन म्हणजे शेजारच्या दोन आकड्यांतला फरक. पुढचा जॉइंट अर्धा अंश, मधला ५.० आणि पिनियनजवळचा २.५.

गडबड इथेच उघडी पडली. मधल्या जॉइंटमधून बाहेर पडणारा शाफ्ट एका फेरीत दोनदा पुढे-मागे होतो, आणि पिनियनजवळच्या जॉइंटने नेमकं उलट वागून ते भरून काढायचं असतं. दोन्ही कोन सारखे असतील तरच हिशेब शून्यावर येतो. शिवाय हा परिणाम कोनाच्या वर्गाने वाढतो, कोन दुप्पट झाला की चढउतार चौपट. पाच अंशांचा धक्का भरून काढायला अडीच अंशांचा जॉइंट बसवलेला, म्हणजे तो जेमतेम चौथा हिस्सा भरून काढत होता. त्यात आणखी एक गोष्ट: गाडी जोर लावते तेव्हा ॲक्सल उलट्या बाजूला पिळतो आणि पिनियनचं नाक (पुढचं टोक) वर उठतं. पाट्यांच्या गाडीत हे एक-दोन अंश सहज होतं. माझ्या गाडीत नाक आधीच वर, जोर लावला की आणखी वर, आणि पिनियनजवळचा कोन २.५ चा १.५. म्हणूनच दाबलं की थरथर आणि सोडलं की शांतता.

नाक इतकं वर का होतं? पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये अडीच अंशांच्या पाचरी घातलेल्या होत्या. पिनियन थेट शाफ्टकडे रोखून ठेवायचं ही पद्धत दुहेरी कार्डन जॉइंट (शेजारी शेजारी दोन क्रॉसचा सांधा) असलेल्या शाफ्टसाठी बरोबर आहे; तिथे पुढचा दुहेरी जॉइंट आपलं आपणच भरून काढतो. माझ्या गाडीत दुहेरी जॉइंट कुठेच नव्हता. म्हणजे चांगल्या हेतूने घातलेल्या पाचरी चुकीच्या शाफ्टला लावलेल्या.

मी दोन कामं केली. पाचरी काढल्या, त्याबरोबर पिनियन ३.५ अंशांवर आलं. आणि सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट १२ मिलिमीटरच्या लोखंडी ठोकळ्यांनी खाली घेतला, म्हणजे पुढचा तुकडा ४.६ अंशांवर आला. बेअरिंग खाली गेल्याने मागच्या तुकड्याचा उतार कमी झाला, नाक खाली आल्याने तेवढाच वाढला, आणि तो ८.५ वरच राहिला. आता मधला जॉइंट ३.९, पिनियनजवळचा ५.०. उभ्या गाडीत हे असमान दिसतं, आणि ते मुद्दाम ठेवलेलं आहे. जोर लावल्यावर नाक एक अंश वर गेलं की दोन्ही चारच्या आसपास येतात. पुढचा जॉइंट १.६ अंशांचा झाला. त्याला जोडीदार नाही, पण इतक्या लहान कोनाचा धक्का जाणवत नाही. अगदी शून्य कोन कधीच ठेवू नये, कारण क्रॉसमधल्या सुया जागच्या हलल्या नाहीत तर एकाच ठिकाणी खड्डे पाडतात.

शाफ्ट खोलण्याआधी सगळ्या तुकड्यांवर रंगाची रेघ मारून ठेवली होती. सरकत्या स्प्लाइनमध्ये (दातेरी जोडात) शाफ्ट एक दात जरी चुकीचा बसला तर दोन्ही टोकांचे जॉइंट एकमेकांच्या तालात राहत नाहीत आणि मोजलेल्या कोनांचा काही उपयोग उरत नाही. ॲक्सलचे यू-बोल्ट नवे घातले. ते ताणून बसणारे बोल्ट असतात, काढलेले पुन्हा वापरायचे नाहीत. आडवे-तिडवे क्रमाने आवळले आणि काहीशे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा टॉर्क तपासला. चारपैकी दोन थोडे फिरले, म्हणजे तपासणी वाया गेली नाही.

शाफ्ट हातात असतानाच पहिल्या आवाजाचा पत्ता लागला. सावकाश चालताना, विशेषतः रिव्हर्समध्ये, वेगाबरोबर वाढणारी बारीक चिवचिव यायची. मधल्या क्रॉसच्या एका टोपीभोवती गंजाच्या रंगाची कोरडी भुकटी जमली होती. ग्रीस गन लावली तर जुनं ग्रीस तीन टोप्यांमधून बाहेर आलं, चौथीतून थेंबही नाही. ती टोपी काढून तळहातावर उपडी केली. सुया सुट्या पडायला हव्या होत्या; पडली ती तांबूस पूड आणि तीन-चार झिजलेल्या काड्या. क्रॉसच्या त्या दांड्यावर सुयांच्या आकाराचे खोलगट पट्टे नखाला लागत होते. क्रॉस हाताने हलवून बघितला असता तर खुळखुळा सापडला नसता, कारण तो अजून सैल नव्हता, फक्त कोरडा होता. असा जॉइंट तुटेपर्यंत गप्प राहू शकतो, तेव्हा चिवचिव ऐकू आली हे बरंच झालं. दोन्ही मागचे क्रॉस बदलले.

दुसरा आवाज वेगळ्या जातीचा. गाडी उभी असताना मागचा हौदा दाबून सोडला की खालून करकर, आणि गतिरोधकावर तर मागे बसलेला माणूस विचारायचा की काय तुटलं. पाटे, शॅकल, शॉक ॲब्झॉर्बर, बुश म्हणजे जोडांतली रबरं, चेसिसवरचे केबिनचे रबर, सगळे एका हाताच्या अंतरावर, आणि चेसिसमधून आवाज असा पसरतो की कान नेमकी जागा सांगू शकत नाही. इथे पाण्याची फवारणी कामाला येते. एका माणसाने गाडी हलवत राहायचं, दुसऱ्याने खाली एकेका बुशवर पाणी मारायचं आणि दर वेळी थांबून ऐकायचं. पाण्याने आवाज काही मिनिटं बंद होतो, रबराला इजा होत नाही आणि खरा गुन्हेगार सापडतो. तेल किंवा साधं ग्रीस मारून बघणारे बरेच असतात. त्याने आवाज जातो खरा, पण रबर फुगतं आणि बुश लवकर संपतो.

उजव्या बाजूच्या पाट्याच्या पुढच्या डोळ्यावर पाणी पडलं आणि करकर थांबली. तो रबरी बुश बाहेर आणि आत दोन्ही नळ्यांना चिकटवलेला असतो. त्याने सरकायचं नसतं, पिळलं जायचं असतं. उंची वाढवायचं किट बसवताना गाडी उचललेली असताना, ॲक्सल लोंबकळत असतानाच तो बोल्ट घट्ट केला गेला असणार. मग गाडी जमिनीवर आली की रबर उभ्या जागीच पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्याला आणखी पिळलं जातं. गाडी चाकांवर उभी करून पाट्यांचे सगळे बोल्ट सैल केले. उजवा पुढचा बोल्ट सुटताना बुशने टक्क असा आवाज करून पीळ सोडला. गाडी दोन-चारदा दाबून बसू दिली आणि तशाच अवस्थेत बोल्ट टॉर्कला आवळले. पुढच्या कंट्रोल आर्मचेही बोल्ट याच पद्धतीने सोडून आवळले. लांब शॅकलमधले पॉलियुरेथेनचे बुश मात्र सरकणारेच असतात, ते काढून पुसले आणि त्यांचं सिलिकॉनचं ग्रीस लावून बसवले. करकर गेली.

तेलाच्या बाबतीत घाई करू नये. ओलं दिसलं की तिथलं सील बदलायचं ही सवय महागात पडते, कारण चालत्या गाडीत वारा तेल मागे ढकलतो आणि गुरुत्वाकर्षण खाली. शोधायची असते ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा. गाडीच्या पोटाखाली सगळीकडे डीग्रीझर मारलं, धुतलं, वाळवलं आणि संशयित जागांवर टाल्कम पावडरचा पातळ थर फुंकला. थोडं चालवून आलं की पावडरीवर तेलाची वाट ओली रेघ होऊन दिसते.

रेघा दोन निघाल्या. ट्रान्स्फर केसवरची (गिअरबॉक्सच्या मागे, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवरची) ओल मला मागच्या सीलची वाटत होती. पावडरीवरची रेघ मात्र इंजिनाच्या वरून, रॉकर कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून उतरत गिअरबॉक्सवरून आलेली. बोटावर घेऊन वास घेतला तर जळकट, काळं इंजिन ऑइल. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, तो एकदा नाकात बसला की चूक होत नाही. कव्हरचं गास्केट बदललं, ट्रान्स्फर केसला हातही लावला नाही.

दुसरी रेघ मागच्या पिनियन सीलची होती आणि वास गंधकाचा. पण सील बदलण्याआधी ब्रीदर बघितला. हाउसिंगमधलं तेल गरम झालं की आतली हवा फुगते, आणि ब्रीदरच्या नळीतून ती बाहेर जायला हवी. गाडी तीन इंच वर गेली पण ती नळी तेवढीच राहिलेली. चेसिसच्या ब्रॅकेटजवळ ती ताणून चपटी झाली होती. गाडी चालवून आणली, थोडी निवल्यावर तेल भरायचा प्लग सावकाश सैल केला, तर हवा सुस्कारत बाहेर आली. एवढा दाब रोज आतून ढकलत असेल तर नवं सीलही पाझरणार. लांब नळी टाकून ती चेसिसच्या वरच्या बाजूला नेली, ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळला तरी ढिली राहील इतकी. चाकांच्या मागच्या ब्रेक प्लेट आतून तपासल्या. त्या कोरड्या होत्या. तिथे ओल असती तर आधी ते काम घ्यावं लागलं असतं, कारण तेल ब्रेकच्या अस्तरावर गेलं की गाडी नीट थांबत नाही.

नळी बदलल्यावर गळतीचा पाझर झाला, पण थांबली नाही. इतकी थरथर सोसलेल्या सीलकडून तशी अपेक्षाही नव्हती. आधी भरायचा प्लग सुटतो याची खात्री असल्यावरच निचऱ्याचा उघडला. पिनियनचा नट काढण्याआधी त्याच्या जागेवर खूण केली आणि पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते काट्याच्या टॉर्क रेंचने मोजून वहीत लिहिलं. आत चुरडून बसणारी नळी असते; नट गरजेपेक्षा जास्त आवळला की बेअरिंगवरचा दाब वाढतो आणि तो उलटा फिरवून कमी करता येत नाही. फ्लँजच्या नळकांड्यावर, सीलचं ओठ घासतं तिथे, नखाला अडेल अशी खाच पडली होती. तिथे पातळ स्टीलची दुरुस्ती-स्लीव्ह चढवली, नवं सील बसवलं, स्प्लाइनवर आणि नटच्या वायसरखाली थोडं सीलंट लावलं कारण तेल दातांमधूनही बाहेर येतं. नट खुणेपर्यंत, फिरवण्याचा जोर वहीतल्या आकड्यापेक्षा किंचित जास्त होईतो. नवं तेल भरायच्या छिद्राच्या काठापर्यंत.

त्यानंतर पावडर पुन्हा मारून बघितली, हाउसिंग कोरडं आहे. सुटतानाची थरथर गेली; भरलेल्या हौद्यासह चढावर पहिल्या गिअरला अगदी पुसट उमटते, आणि ती त्या कोनांची मर्यादा आहे हे मला मान्य आहे. पुढच्या बाजूचं काम बाकी आहे. टॉर्शन बार इतके पिळलेले आहेत की सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकांना ताकद देणारे सांधे) तिरके उभे राहतात, आणि डाव्या बाहेरच्या बूटच्या (सांध्यावरच्या रबरी आवरणाच्या) घड्या एकमेकींना घासून पांढऱ्या पडल्या आहेत. ग्रीस अजून बाहेर आलेलं नाही. पुढची उंची अर्धा-पाऊण इंच खाली घ्यायची, बूट बदलायचा आणि लगेच अलाइनमेंट करून घ्यायची असं ठरवलं आहे.